ट्रान्सप्लांटनंतर जुनेच केस गळायला लागले? या चुका टाळा

लावलेले केस दोन ते सहा आठवड्यांत गळतात, हे बहुतेकांना आधीच सांगितलेलं असतं. घबराट होते ती त्यांच्या शेजारचे, आपले जुने केस जायला लागले की. याला 'शॉक लॉस' म्हणतात. बरेच क्लिनिकवाले पॅकेजचा दर तोंडपाठ सांगतात, हे मात्र सांगायचं विसरतात.

टाळूला शेकडो बारीक चिरा पडतात, सूज येते, बधिर करायच्या इंजेक्शनमधलं अॅड्रेनालिन रक्तवाहिन्या आकसवतं. या सगळ्याच्या ताणाने आसपासची मुळं एकदम विश्रांतीत जातात आणि केस सोडून देतात. मूळ जागेवरच असतं. ही विश्रांती साधारण तीन महिन्यांची. त्यानंतर केस उगवतो, तोही महिन्याला जेमतेम एक सेंटीमीटर. म्हणजे आरशात फरक जाणवायला सहा महिने सहज जातात. चौथ्या महिन्यात 'ऑपरेशन फसलं' म्हणून दुसऱ्या सर्जनकडे धावणं आणि लगेच दुसरी सिटिंग घेणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. जी मुळं परतणार होती त्यांच्यातच पुन्हा चिरा पडतात, आणि डोक्यामागचे मोजके ग्राफ्ट, म्हणजे काढून लावायचे केसांच्या मुळांचे पुंजके, विनाकारण खर्ची पडतात.

गळालेल्या केसाच्या टोकाला पांढरा ठिपका दिसला की 'ग्राफ्टच निघाला' असं वाटतं. विश्रांतीतल्या प्रत्येक केसाला तो ठिपका असतोच. ग्राफ्ट खरोखर निघतो तो पहिल्या आठ-दहा दिवसांत, आणि तेव्हा बहुधा रक्त येतं.

औषधांचा घोळ वेगळाच. केस गळतायत म्हणून मिनॉक्सिडिल हे टाळूला लावायचं केसवाढीचं औषध परस्पर बंद केलं, तर त्याच्या जोरावर टिकलेले केसही पुढच्या काही महिन्यांत जातात. उलट, खपल्या असतानाच ते चोळलं तर टाळूची आग होते. कधी थांबवायचं आणि कधी सुरू करायचं हे सर्जनकडून लिहूनच घ्या. पहिल्यांदाच सुरू करत असाल तर सुरुवातीला त्यानेही थोडे केस गळतात. तो दोष ऑपरेशनच्या माथी मारू नका. कांद्याचा रस आणि काकूंनी सुचवलेली गरम तेलाची मालिश, दोन्ही सध्या नको. सिगारेटही नकोच.

आता थोडं कटू. 'सगळे परत येतात' हे पूर्ण खरं नाही. आनुवंशिक टक्कलामुळे आधीच बारीक, लव्हेसारखे झालेले केस या धक्क्याने गेले, तर त्यातले काही कायमचे जातात. ते तसेही जाणारच होते, फक्त लवकर गेले. म्हणून ज्यांच्या टाळूवर असे केस बरेच शिल्लक आहेत, त्यांनी आधी काही महिने औषध घेऊन मगच ट्रान्सप्लांटचा विचार करावा असं माझं मत आहे. बायकांमध्ये शॉक लॉसचा धोका जास्त, तेव्हा त्यांनी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड आधीच तपासून घ्यावं.

फोटो दर महिन्याला एकच, त्याच खिडकीपाशी, कोरड्या केसांचा. बाथरूमच्या दिव्याखाली ओले केस कुणाचेही विरळच दिसतात.

पू, वाढत जाणारी लाली, ठणका किंवा ताप असेल तर मात्र वाट पाहू नका. तो शॉक लॉस नव्हे. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि वर्ष उलटूनही जागा तशीच मोकळी राहिली, तर डर्मोस्कोपी, म्हणजे भिंगाच्या यंत्राने टाळूची तपासणी, करून तिथे मुळं उरलीत का, हे बघून घ्या.