इमेज ट्रान्सफर शिकवताय? आधी या चुका टाळा

छापलेला फोटो एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी तंतूंच्या) पाटीवर जेल मीडियमने, म्हणजे वाळल्यावर पारदर्शक होणाऱ्या घट्ट ॲक्रिलिक लेपाने, पालथा चिकटवायचा, वाळला की ओला करून कागद चोळून काढायचा. चित्र पाटीवर राहतं. ऐकायला इतकं सोपं, म्हणूनच ‘दोन तासांत इमेज ट्रान्सफर’ असे वर्ग निघतात. घोळ तिथेच सुरू होतो.

जेल मीडियम दोन तासांत वाळत नाही. पुण्यात एप्रिल-मेमध्ये दहा-बारा तास आणि जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत पुरते चोवीस तास धरा. हेअर ड्रायरने कागद वरून कोरडा लागतो, खालचं मीडियम ओलंच असतं. पाटीला आधी पांढऱ्या ॲक्रिलिक रंगाचे दोन हात दिलेले असतात, त्यामुळे ओल खाली जात नाही, ती कागदातूनच बाहेर पडते आणि त्याला वेळ लागतो. तेवढ्यात चोळलं की कागदाबरोबर चित्राचेही पापुद्रे निघतात, आणि नेमके नाकाडोळ्यांवरचे! शनिवारी चिकटवा, रविवारी चोळा. एकच दिवस हाताशी असेल तर आदल्या दिवशी चिकटवलेल्या पाट्या वर्गात आणा. मुलं त्या चोळतील आणि स्वतः चिकटवलेली घरी नेतील. एवढा धीर नसेल तर सरळ डेकोपाज, म्हणजे कागदी चित्रं कापून चिकटवायची कला, शिकवावं.

थर पोस्टकार्डाच्या जाडीचा हवा. ए-५ आकाराला एक मोठा चमचा मीडियम पुरतं. उन्हाळ्यात ते पसरवता पसरवताच सुकू लागतं, म्हणून ए-५ पेक्षा मोठं चित्र नवख्यांना देऊ नये. कागद ठेवल्यावर जुन्या एटीएम कार्डाने मधून कडेकडे हवा काढा. कडेला आलेलं मीडियम लगेच पुसा. ते कागदाच्या पाठीवर वाळलं तर तिथे पाणी मुरत नाही.

दुसरी लाडकी चूक म्हणजे प्रिंट मिरर न करणं, म्हणजे आरशातल्यासारखी उलटी न छापणं. गणपतीच्या तोंडावर पेठेतल्या एका वर्गात बारा पाट्यांवर बाप्पा उतरवले, तेही सरळ प्रिंटवरून. डाव्या सोंडेचे बाराही गणपती उजव्या सोंडेचे झाले आणि खालचं ‘मोरया’ आरशात धरून वाचायची वेळ आली. उजव्या सोंडेचं सोवळं कडक. एका आजींनी पाटी घरात घ्यायलाच नकार दिला. त्यांना टोनर आणि मीडियम कोण समजावणार? चित्रात अक्षरं नसतील तर फाइलच्या समासात आधी एक ‘अ’ टाका, मग मिरर करा. छापल्यावर ‘अ’ सुलटा वाचता आला तर तो कागद चिकटवायचा नाही.

प्रिंट लेझरचीच हवी, साध्या ७०-७५ जीएसएम (चौरस मीटरला तितके ग्रॅम) कागदावर. टोनर म्हणजे उष्णतेने चिकटवलेली प्लास्टिकची भुकटी, तो पाण्याने हलत नाही; इंकजेटची शाई बहुधा पसरते. अप्पा बळवंत चौकात प्रिंट घेतलीत तर दुकानातून निघण्याआधी कोपऱ्यावर ओलं बोट फिरवून बघा.

ग्लॉसी कागद नको. काळ्या पाटीवर ट्रान्सफर करू नका, नेहमीच्या टोनरमध्ये पांढरा रंग नसतो. हस्तकलेचा पांढरा गम मीडियमऐवजी चालत नाही, चोळताना पाण्याने मऊ पडतो. मीडियमऐवजी थिनरने टोनर उतरवायचा म्हणून बंद खोलीत मुलांसमोर थिनर तर मुळीच उघडू नये.

चोळताना स्पंज दोन मिनिटं ठेवून कागद भिजू द्या, मग बोटाच्या पेराने गोल गोल. नख नाही, घासणी तर नाहीच. वाळल्यावर पांढुरकी झाक दिसली की ‘बिघडलं’ म्हणून ओरडा होतो. ते उरलेले कागदाचे तंतू असतात. पुन्हा भिजवा, पुन्हा चोळा, असं तीनदा. त्यानंतरही झाक उरली तर मीडियमचा पातळ हात द्या, ती जवळजवळ दिसेनाशी होते.