कृष्णवर्णीयांचा इतिहास शाळेत कसा शिकवावा : वऱ्हाडातल्या वर्गात वादविवाद घेताना

पहिली अडचण भाषेचीच येते. ‘ब्लॅक हिस्ट्री’ हे इंग्रजी नाव शब्दशः मराठीत आणून फळ्यावर ‘काळा इतिहास’ असे लिहिले, तर मुलांच्या डोळ्यांसमोर काळा पैसा, काळा दिवस, काळी कृत्ये असेच काहीतरी उभे राहते, आणि ज्या लोकांच्या सन्मानासाठी हा विषय शाळेत आला, त्यांच्याच इतिहासाला आरंभी डाग लागतो. म्हणून ‘अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा इतिहास’ असे पूर्ण लिहावे. जुन्या मराठी पुस्तकांत ‘निग्रो’ हा शब्द सर्रास आढळतो. तो मुलांपासून लपवू नये. कार्टर वुडसन या कृष्णवर्णीय इतिहासकारांनी १९२६ साली फेब्रुवारीत सुरू केलेल्या इतिहास-सप्ताहाच्या नावातही तोच शब्द होता, पण आज तो अपमानकारक मानला जातो, एवढे एकदा सांगून वर्गात वापरू नये.

दुसरे काम विषयाचे वाक्य ठरवण्याचे, आणि बहुतेक शाळांत चूक होते ती इथेच. ‘गुलामगिरी योग्य की अयोग्य’ हा वादविवादाचा विषय होऊ शकत नाही, कारण त्यात एका गटाला अन्यायाची वकिली करावी लागते आणि मुले ती टाळ्यांसाठी करतातही. जे घडले ते घडले, ते वाईट होते, हे आधी मान्य करून मगच ‘ते कसे शिकवावे’ यावर वाद घालायचा. आठवी ते दहावीच्या वर्गाला पेलतील असे तीन प्रश्न सुचवतो. हा इतिहास वर्षातल्या ठरावीक महिन्यात शिकवावा, की देशाच्या प्रत्येक धड्यात विणावा? फटके, लिलाव, जमावाने केलेल्या हत्या यांचे वर्णन कोणत्या वयात आणि किती द्यावे? आणि त्या अन्यायाचे आजपर्यंत टिकलेले परिणाम शिकवणे हे शिक्षकाचे काम आहे की राजकारण? पहिला सोपा वाटतो, पण त्यात बरेच दडलेले आहे. वुडसन यांचा सप्ताह १९७६ मध्ये महिना झाला, पण हा अभ्यास वर्षभर चालावा अशीच त्यांची अपेक्षा होती. आपल्याकडे जयंतीच्या दिवशी फोटोला हार घालून दुसऱ्या दिवशी विसरण्याची पद्धत मुलांनी पाहिलेली असल्याने या प्रश्नावर ती मनापासून बोलतात.

अमेरिकेतला खरा वाद काय आहे, हे दोन्ही गटांना सारखेच सांगावे. २०१९ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने १६१९ हे साल, म्हणजे व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर आफ्रिकी बंदिवान उतरवले गेले ते वर्ष, देशाच्या कहाणीच्या केंद्रस्थानी ठेवून एक लेखमाला काढली. स्वातंत्र्ययुद्धामागे गुलामगिरी टिकवण्याचा हेतू होता, या तिच्यातील विधानावर काही नामवंत इतिहासकारांनी आक्षेप घेतला आणि मार्च २०२० मध्ये वृत्तपत्राने ते वाक्य बदलून ‘काही’ वसाहतवाल्यांपुरते मर्यादित केले. हा प्रसंग वर्गात जरूर सांगावा, कारण एका वाक्यातली चूक दाखवली म्हणजे संपूर्ण मांडणी कोसळली असेही होत नाही आणि मांडणी चांगली म्हणून चूक माफ होते असेही नाही. पुढे २०२३ मध्ये फ्लोरिडा राज्याच्या अभ्यासक्रमात, गुलाम केलेल्या लोकांनी काही कौशल्ये आत्मसात केली आणि काही वेळा ती त्यांच्या स्वतःच्या लाभासाठी वापरता येत होती, अशा अर्थाचे वाक्य आले आणि त्यावर मोठे वादळ उठले.

एका बाजूचे म्हणणे असे की १७७६ साली ‘सर्व माणसे समान’ असे जाहीर करणाऱ्या देशात १८६५ पर्यंत माणसे विकली जात होती, त्यानंतरही १९६४ च्या नागरी हक्क कायद्यापर्यंत कृष्णवर्णीयांसाठी वेगळ्या शाळा, वेगळे नळ, रेल्वेचे वेगळे डबे चालले, आणि हे वगळून शिकवलेला इतिहास खोटाच ठरतो. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की पूर्वजांच्या पापाची लाज आज बाकावर बसलेल्या मुलाला वाटायला लावू नये, मुलांना काय शिकवावे यात पालकांनाही बोलण्याचा अधिकार आहे, आणि गुलामगिरीविरुद्ध लढलेले लोकही त्याच देशाचे होते हे झाकू नये. दुसरी बाजू मला स्वतःला कमजोर वाटते. तरीही ती मुलांना विदूषकाच्या आवाजात मांडू देऊ नये.

एवढे झाले तरी वर्गाचे डोळे पेंगुळलेलेच राहतील. ते उघडतात कापसाने. १७९३ मध्ये सरकी वेगळी करणारे यंत्र अमेरिकेत निघाले. सरकी काढण्याचे काम झपाट्याने होऊ लागले, पण वेचणी हातानेच करावी लागत होती, आणि म्हणून यंत्र आल्यावर गुलामांची गरज घटण्याऐवजी वाढली. १७९० च्या जनगणनेत सुमारे ७ लाख गुलाम होते, १८६० मध्ये ते ३९ लाख ५० हजारांच्या घरात गेले. त्या सुमारास इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा तीन-चतुर्थांशांहून अधिक कापूस अमेरिकेतून जाई. १८६१ मध्ये तिथे यादवी युद्ध पेटले, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, गिरण्या ओस पडल्या आणि इंग्रजांची नजर वळली ती १८५३ मध्ये निजामाकडून ताब्यात घेतलेल्या वऱ्हाडाकडे. कापसाचे भाव चढले, पऱ्हाटी ज्वारीच्या वावरात शिरली, १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले, आणि १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. ज्या जिनिंगच्या भिंतीला सायकल टेकवून मुले शाळेत येतात, तिच्या कहाणीत मिसिसिपीच्या शेतात कापूस वेचणारा गुलाम माणूस आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

म्हणून वादविवादाच्या आठ दिवस आधी गृहपाठ द्यावा : घरात किंवा शेजारी कापूस वेचणाऱ्या बाईला विचारून यावे की चांगल्या बोंडाच्या वावरात दिवसभरात किती किलो वेचून होतो, किलोला काय मिळते, आणि एखाद्या दिवशी कमी भरला तर काय होते. दुसऱ्या दिवशी सॉलोमन नॉर्थप यांची गोष्ट सांगावी. हा न्यूयॉर्क राज्यातला स्वतंत्र कृष्णवर्णीय माणूस १८४१ मध्ये पळवून विकला गेला, बारा वर्षे लुइझियानात गुलाम म्हणून राबला, आणि सुटल्यावर १८५३ मध्ये त्याने आठवणी लिहिल्या. दिवसाचा नेहमीचा वाटा २०० पौंड, म्हणजे सुमारे ९० किलो. संध्याकाळी टोपली तोलली जाई आणि वजन कमी भरले तर फटके बसत, असे त्याने लिहिले आहे. वेचणाऱ्या बाईचा आकडा आणि हा आकडा फळ्यावर शेजारी लिहावा आणि थोडा वेळ काही बोलू नये.

मात्र दोन्ही आकडे एकाच मापाने मोजू देऊ नयेत. वेचणारी बाई भाव पटला नाही तर उद्या दुसऱ्याच्या वावरात जाते. तिची मजुरी कमी असेल, पण तिचे मूल जमीनमालकाची मालमत्ता नसते. व्हर्जिनियात १६६२ च्या कायद्याने मूल आईच्या दर्जाचे ठरत असे, म्हणजे गुलाम बाईचे मूल जन्मतःच गुलाम. हा फरक समजवायला मलिक अंबर उपयोगी पडतो. शहाजीराजांच्या धड्यात मुलांनी त्याचे नाव वाचलेले असते, पण इथिओपियात जन्मलेला हा माणूस बाजारात अनेकदा विकला जाऊन दख्खनेत आला होता, हे त्यांच्या लक्षात नसते. गुलाम म्हणून आलेला माणूस अहमदनगरच्या निजामशाहीचा सर्वेसर्वा होऊन १६२६ मध्ये मरतो, आणि अमेरिकेत पिढ्यानपिढ्या रंगच बेडी होतो. गुलामगिरीचे हे दोन प्रकार का वेगळे, यावर एक तास सहज जातो.

आता नाजूक भाग. आपल्या वर्गात हा विषय निघाला की जातीचा विषय निघणारच, आणि निघावाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केले ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस या अमेरिकी कृष्णवर्णीय विचारवंतांना पत्र लिहून अस्पृश्य आणि कृष्णवर्णीय यांच्या स्थितीतील साम्याचा उल्लेख केला आणि संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाची प्रत मागितली. आणि आपल्या नागपूरचा धागा तर फारच थोड्यांना ठाऊक आहे : जेम्स लॉसन हे तरुण कृष्णवर्णीय धर्मोपदेशक १९५३ ते १९५६ या काळात हिस्लॉप कॉलेजात होते, बसमधल्या भेदभावाविरुद्ध मॉन्टगोमेरी शहरातल्या कृष्णवर्णीयांनी पुकारलेल्या बसबहिष्काराची बातमी त्यांनी नागपुरातच वर्तमानपत्रात वाचली, आणि परत गेल्यावर नॅशविल शहरातल्या विद्यार्थ्यांना अहिंसक प्रतिकाराचे जे शिक्षण त्यांनी दिले, त्यातून कृष्णवर्णीयांना बसू न देणाऱ्या उपाहारगृहांतील १९६० ची धरणी उभी राहिली. ही माहिती दोन्ही गटांना द्यावी.

पण एखाद्या मुलाच्या आडनावावरून ‘तू सांग, तुमच्या घरी काय झाले होते’ असे शिक्षकाने कधीही विचारू नये. एका शाळेत परीक्षक म्हणून बसलो असताना हे माझ्यासमोर घडले. त्या मुलीने मान खाली घातली, ती शेवटपर्यंत वर केली नाही. मीही तिथे काही बोललो नाही, याची बोच अजून आहे. ज्याला सांगायचे असेल तो आपणहून सांगेल. तसेच ‘तुमच्या लोकांनी’, ‘आमच्या लोकांनी’ अशी सर्वनामे वादविवादात बाद, हा नियम सुरुवातीलाच वाचून दाखवावा.

प्रत्यक्ष आखणी साधी ठेवावी. चार-चार मुलांचे दोन गट, प्रत्येकाला चार मिनिटे, मग समोरच्याच्या मुद्द्याला उत्तर देण्यासाठी दोन. कोणता गट अनुकूल आणि कोणता प्रतिकूल, हे सुरू होण्यापूर्वी अर्धा तास चिठ्ठी टाकून ठरवावे. म्हणजे दोन्ही बाजूंची तयारी करावी लागते आणि गुरुजींनी लिहून दिलेले पाठ भाषण निरुपयोगी ठरते. प्रत्येक पुराव्यासाठी पोस्टकार्डाएवढा कागद, त्यावर एक तथ्य, साल आणि ते कुठे वाचले ते. उदाहरणार्थ, अटलांटिकपार नेण्यासाठी सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसे जहाजांत चढवली गेली, पण त्यांतली थेट उत्तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवर उतरवलेली ४ लाखांहून कमी होती. बाकीची प्रामुख्याने ब्राझील आणि कॅरिबियन बेटांत गेली. ‘सगळे अमेरिकेत नेले’ असे म्हणणाऱ्याला या एका कागदाने थांबवता येते.

गुण १०० धरले तर पुराव्याला ४०, उत्तर देण्याला ३०, भाषेला २०, वेळ पाळण्याला १०. आपल्याकडच्या स्पर्धांत शेरोशायरी आणि चढा आवाज यांवर बक्षिसे जातात, म्हणून भाषेचे गुण मी मुद्दाम कमी ठेवले आहेत. समोरच्याचा मुद्दा ‘हे बरोबर आहे, पण’ असे म्हणून मान्य करणाऱ्याला उत्तराच्या ३० पैकी जास्त गुण द्यावेत.

दिवाळीच्या आगेमागे हा कार्यक्रम ठेवू नये, कारण वेचणीच्या दिवसांत निम्मी बाके रिकामी असतात आणि नेमकी ज्यांच्या घरचे आकडे हवेत तीच मुले वावरात असतात. फेब्रुवारीत वेचणी उरकलेली असते आणि आठवी-नववीच्या परीक्षेला अजून अवकाश असतो. निकाल लागल्यावर दोन्ही गटांनी एकत्र बसून सातवीच्या मुलांसाठी याच विषयावर एका पानाचा धडा लिहावा. त्यासाठी दोन तास राखून ठेवावेत. पहिले वाक्य कोणत्या सालापासून सुरू करायचे, १६१९, १७७६ की १७९३, यावरच पहिला तास संपतो.