मणक्यातला स्टिम्युलेटर: ट्रायलपासून बॅटरीपर्यंत या चुका टाळा

नसेचं दुखणं कमी करणाऱ्या स्टिम्युलेटर यंत्राची ट्रायल, म्हणजे चाचणी, म्हणून आईच्या पाठीत तात्पुरत्या तारा घातल्या, त्या दिवशी आम्ही घरच्यांनी मिळून एक घोडचूक केली. नवी मुंबईतल्या रुग्णालयातून विटाव्यामार्गे कळव्याला घरी आलो, तिला पलंगावर झोपवलं आणि ठरवून टाकलं की आता आठवडाभर तिने हलायचं नाही. चहा पलंगावर, जेवण पलंगावर. तिसऱ्या दिवशी पेन क्लिनिकमधून फोन आला, "काकू किती चालल्या?" मी मोठ्या अभिमानाने सांगितलं, "अजिबात नाही. पूर्ण आराम." सिस्टर क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "ताई, मग मशीनचा उपयोग होतोय की नाही, ते कळणार कसं?"

सात दिवसांच्या ट्रायलमधले तीन दिवस आम्ही असे घालवले होते. ही चूक इतर कुणाच्या घरी होऊ नये, म्हणून हे सगळं लिहिते आहे. ऑपरेशन डॉक्टर करतात, त्यात आपल्या हातात फारसं काही नसतं. पण त्याच्या आधीचे आणि नंतरचे दिवस आपल्याच घरात जातात, आणि तिथे काय करायचं हे आम्हाला फार उशिरा कळत गेलं.

ज्यांनी हे नाव पहिल्यांदाच ऐकलं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेशनमध्ये मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर जी अरुंद जागा असते, तिथे बारीक तारा सरकवतात. त्यांना लीड म्हणतात. कमरेपाशी कातडीखाली छोटी बॅटरी बसवतात आणि रिमोटने विजेचे सौम्य झटके कमीजास्त करता येतात. यामागचा विचार १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या दोघा शास्त्रज्ञांनी मांडला. जाड नसांमधून जाणारी स्पर्शाची जाणीव बारीक नसांमधून येणाऱ्या वेदनेची वाट अडवते, असं ते म्हणणं. गुडघा आपटला की आपला हात आपसूक तिथे चोळायला जातो, तो याचसाठी. पुढे दोनच वर्षांत, १९६७ मध्ये, अमेरिकेतल्या नॉर्मन शीली या न्यूरोसर्जननी असं यंत्र पहिल्यांदा माणसाच्या शरीरात बसवलं.

"पाठ दुखते ना, मग हेही करून बघू"

ही सगळ्यात महाग पडणारी चूक. हे यंत्र नसेच्या दुखण्यासाठी आहे. पायात आग होणं, करंट मारल्यासारखी चमक जाणं, सुया टोचणं, चादरीचा स्पर्शसुद्धा सहन न होणं, असं ज्याचं स्वरूप आहे ते दुखणं. मणक्याचं ऑपरेशन होऊनही पायात कळा येत राहतात असे रुग्ण, सीआरपीएसचे (दुखापतीनंतर हातात किंवा पायात टिकून राहणाऱ्या तीव्र दुखण्याचे) रुग्ण, मधुमेहामुळे तळपायांची आग होणारे रुग्ण यांच्यासाठी त्याचा विचार होतो. तोही औषधं, व्यायाम, इंजेक्शनं हे सगळं नीट करून झाल्यावर. वजन उचललं की कंबर धरते आणि बसलं की बरं वाटतं, अशा दुखण्याला ते फारशी दाद देत नाही.

आईची गादी सरकल्यामुळे दोन ऑपरेशनं झाली होती. कंबर बरीच सुधारली, पण डाव्या पायातली आग गेली नाही. रात्री दोन वाजता ती बाल्कनीतल्या गार फरशीवर पाय ठेवून बसलेली असायची.

अभ्यास काय सांगतात तेही बघून घ्या, आणि दोन्ही बाजूंचे बघा. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ऑपरेशननंतरही पाय दुखणारे १०० रुग्ण होते. सहा महिन्यांनी स्टिम्युलेटरवाल्यांपैकी ४८ टक्के जणांचं पायाचं दुखणं निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झालं होतं; नुसत्या नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत हे प्रमाण ९ टक्के होतं. उलट २०२२ मध्ये नॉर्वेतल्या ५० रुग्णांच्या अभ्यासात यंत्र कधी चालू, कधी बंद ठेवलं आणि रुग्णांना ते कळू दिलं नाही. तिथे एका प्रकारच्या करंटने रोजच्या हालचालींत सांगण्यासारखा फरक पडला नाही. म्हणूनच डॉक्टरांना थेट विचारा: "माझ्या दुखण्यातला किती भाग नसेचा आहे? आणि तुमच्या मते याने नेमका कुठला भाग कमी होईल?" याचं सरळ उत्तर मिळत नसेल तर दुसऱ्या पेन स्पेशालिस्टचं मत घ्या. ठाणे, नवी मुंबई, मुंबई, कुठेही जायला फार तर अर्धा दिवस लागेल.

"आता दुखणं गायब होणार" अशी आशा मनात धरून ऑपरेशन टेबलावर जाऊ नका. निम्मं कमी झालं तरी डॉक्टर ट्रायल यशस्वी धरतात. आईच्या बाबतीत निम्म्याचा अर्थ होता सलग पाच तास झोप. माझ्या मते तो फरक फार मोठा होता.

ट्रायलचे दिवस म्हणजे परीक्षेचे दिवस

कायमची बॅटरी बसवण्याआधी काही दिवस फक्त लीड आत आणि मशीन बाहेर, पट्ट्याला अडकवलेलं, अशी चाचणी असते. साधारण पाच ते सात दिवस. इतर बहुतेक ऑपरेशनं आधी करून बघायची सोय नसते. इथे ती आहे. म्हणून हे दिवस जपून वापरा.

सिस्टरांच्या त्या फोननंतर आम्ही पलंग सोडला. आईला विचारलं, "दुखणं नसतं तर तू काय केलं असतंस?" ती म्हणाली, "ठाण्यात तलावपाळीला एक फेरी मारली असती, आणि जांभळी नाक्यावरून स्वतः निवडून भाजी आणली असती." चौथ्या दिवशी बाबा आणि ती सावकाश तलावपाळीला गेले. अर्धी फेरी झाल्यावर बाकावर बसले, मग उरलेली पूर्ण केली. आधी ती घरातून सोसायटीच्या गेटपर्यंत जाताना दोनदा थांबायची. ट्रायलचं उत्तर आम्हाला त्या फेरीने दिलं. "दहापैकी किती?" या प्रश्नावर ती रोज वेगळाच आकडा सांगत होती.

तुम्हीही ट्रायलआधीच अशी तीन-चार कामं ठरवून ठेवा: इतका वेळ ओट्यापाशी उभं राहणं, इतका वेळ मध्ये आडवं न होता बसून पूजा करणं, जिना, झोप. रोज वहीत लिहा. दुखण्याचा आकडा लिहाच, पण किती चाललात, किती तास झोपलात, जादाची गोळी लागली का, हेही लिहा.

याच दिवसांत लोक आणखी एक गोष्ट करतात आणि सगळा हिशोब बिघडवतात. बरं वाटतंय म्हणून प्रीगॅबालिन किंवा गॅबापेंटिन या नसेच्या दुखण्यावरच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करतात. या गोळ्या एकदम सोडल्या तर घाम, अस्वस्थपणा, झोप उडणं असा त्रास होऊ शकतो, आणि मग मशीनचा गुण कुठला नि गोळी सुटल्याचा त्रास कुठला, ते कळेनासं होतं. गोळ्या कमी करायच्या त्या नंतर, डॉक्टरांना विचारून, हळूहळू.

चालायचं म्हणजे वाकायचं नाही. तारा तात्पुरत्या चिकटवलेल्या असतात. कंबरेतून वाकणं, पिळणं, बादली उचलणं बंद. अंघोळ नाही, अंग पुसून घ्यायचं. आमची ट्रायल जुलैत होती. दमट हवेने ड्रेसिंगची कड सुटायला लागली. मी वरून नवी पट्टी लावायला निघाले होते, पण तसं करू नका. कड सुटली, ओली झाली, तर क्लिनिकला फोन करा आणि त्यांच्याकडूनच बदलून घ्या.

लपवाछपवी

रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे, स्टेंट आहे, पेसमेकर आहे, साखर वाढलेली आहे, तंबाखू किंवा सिगारेट आहे, अंगावर गळू आहे, लघवीला जळजळ आहे. यातलं काहीही लपवू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना लीड घातली तर मज्जारज्जूवर रक्ताची गाठ दाबून बसू शकते. तीच गोळी आपल्या मनाने बंद केली तर हृदयाला धोका. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा. साखर आणि जंतुसंसर्ग ताब्यात येईपर्यंत तारीख पुढे ढकलली, तर चिडू नका.

बॅटरी कुठे बसणार?

हे आम्ही योगायोगाने विचारलं आणि फार बरं झालं. आई साडी नेसते. सर्जन खूण करायला आले तेव्हा ती गाऊनमध्ये होती. ती म्हणाली, "डॉक्टर, इथे तर माझ्या परकराची नाडी येते." खूण दोन बोटं खाली सरकली. नाही तर रोज नाडी त्या जागेवर काचली असती. तुम्ही जे कपडे रोज घालता ते सोबत न्या. पट्टा, नाडी, पँटची कड कुठे येते ते उभ्याने आणि बसून दाखवा. कुठल्या कुशीवर झोपता ते सांगा. चार्जिंगची बॅटरी असेल तर तुमचा हात तिथे पोहोचतो का, ते बघून घ्या.

बॅटरीचा प्रकार ठरवतानाही घाई नको. चार्जिंगची जास्त वर्षं टिकते, पण ती आठवणीने चार्ज करावी लागते. बिनचार्जिंगची काही वर्षांनी छोटं ऑपरेशन करून बदलावी लागते. घरी एकटी राहणारी, दिसायला कमी असणारी व्यक्ती असेल तर चार्जिंगची कटकट झेपेल का, याचा विचार करा. मेडिक्लेमची मंजुरी मागताना ट्रायल आणि कायमचं यंत्र, दोन्हींचा अंदाज वेगवेगळा लेखी घ्या. खर्च लाखांत असतो.

पोह्यांचा डबा

कायमचं मशीन बसल्यावर साधारण सहा ते आठ आठवडे लीड जागेवर घट्ट बसायला लागतात. आई वाकणं टाळत होती, पण हात वर करायचा नाही हे तिच्या लक्षातून गेलं. तिसऱ्या आठवड्यात फडताळाच्या वरच्या फळीवरून पोह्यांचा डबा काढला, आणि संध्याकाळपर्यंत मशीनच्या करंटमुळे तळपायात येणाऱ्या मुंग्या बरगडीपाशी जाणवायला लागल्या. लीड किंचित सरकली होती.

इथे आम्ही दुसरी चूक केली. करंट कमी पडत असेल असं समजून रिमोटवर वाढवत गेलो. पायाला काही नाही आणि बरगडीत नुसते झटके. मुंग्यांची जागा बदलली तर करंट वाढवू नका. मशीन कमी करा किंवा बंद करा आणि फोन करा. आधी एक्स-रे काढतात. लीडवर बरेच संपर्कबिंदू असतात, त्यामुळे थोडंसं सरकलं असेल तर दुसरे बिंदू निवडून नवीन प्रोग्रॅम लावता येतो. आईचं तेवढ्यावर भागलं. जास्त सरकलं तर लीड पुन्हा बसवावी लागते. तेव्हापासून रोजचे डबे ओट्यावर आले आहेत.

मशीन बिघडलं असं वाटतं तेव्हा

उताणं झोपल्यावर अचानक करंट जोरात लागतो? मशीन ठीक आहे. उताणं झोपलं की मज्जारज्जू लीडच्या जवळ येतो, उभं राहिलं की दूर जातो. झोपण्याआधी एक-दोन पायऱ्या कमी करायच्या. खोकला, शिंक यांनीही क्षणभर तसं होतं. अशा मुंग्यांच्या प्रकारचं मशीन असेल तर गाडी किंवा स्कूटर चालवताना ते बंद ठेवा. घोडबंदर रोडच्या खड्ड्यात पायात झटका बसला तर ब्रेक चुकेल.

काहीच जाणवत नाही? आधी रिमोटवर मशीन चालू आहे का ते बघा, मग बॅटरी. मात्र काही मशीन मुळातच मुंग्या येऊ न देता काम करतात. सेकंदाला १०,००० झटक्यांचं मशीन तसं असतं. आमच्या ओळखीतल्या एका काकांनी "काही कळतच नाही" म्हणून ते दोन दिवस बंद करून ठेवलं होतं. तुमचं कुठल्या प्रकारचं आहे ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

चार्जिंग होत नाही? चार्जर बॅटरीच्या बरोबर वर बसला नसेल, किंवा मध्ये जाड कपडा असेल. चार्जर गरम होतो, त्यामुळे तो लावून झोपू नका. आणि बॅटरी पूर्ण शून्यावर जाऊ देऊ नका. आम्ही दिवस ठरवले आहेत, बुधवार आणि रविवार, वीज असेल तेव्हाच उरकून घेतो.

फक्त शेकच आहे, असं कुणी म्हणालं तर

हा भाग कृपा करून घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. ऑपरेशननंतर काही महिन्यांनी आईचा खांदा आखडला. जवळच्या एका फिजिओथेरपी केंद्रात गेलो. मी फॉर्म भरत होते, तेवढ्यात आत तिला झोपवून शॉर्टवेव्ह डायथर्मीचे, म्हणजे विद्युत लहरींनी आतून शेक देणाऱ्या मशीनचे, पॅड लावायला घेतले होते. मी धावत आत जाऊन थांबवलं. "फक्त शेकच आहे, आणि खांद्याला आहे, कंबरेला नाही," असं उत्तर मिळालं.

डायथर्मी शरीरावर कुठेही चालत नाही. मशीन बंद असलं तरी चालत नाही. तिची ऊर्जा लीडमध्ये उतरते, लीडची टोकं तापतात आणि तिथे मज्जारज्जू आहे. यात कायमचं अपंगत्व किंवा मृत्यूही येऊ शकतो. फिजिओथेरपीतला अल्ट्रासाउंड आणि करंटची इतर मशीनसुद्धा पेन स्पेशालिस्टला विचारल्याशिवाय नकोत. व्यायाम चालतो. गरम पाण्याच्या पिशवीचा शेक खांद्याला चालतो, बॅटरीवर मात्र ती ठेवू नका.

एमआरआयचंही असंच. काही मशीनवर तो ठराविक अटींवर करता येतो, त्यासाठी आधी मशीन एमआरआयच्या मोडवर टाकावं लागतं. काहींवर अजिबात नाही. सेंटरवर अपॉइंटमेंट घेतानाच मॉडेलचं नाव सांगा. दाताचं काम असो की मोतीबिंदूचं ऑपरेशन, डॉक्टरांना आधी कळवा, कारण रक्त थांबवण्यासाठी वापरलेलं विजेचं उपकरणही त्रास देऊ शकतं.

मेट्रो स्टेशन, मॉल, विमानतळ इथे यंत्राचं ओळखपत्र असलेलं कार्ड दाखवा. चौकटीतून जावंच लागलं तर मशीन बंद करून पटकन पार व्हा, मध्ये थांबू नका. हातातला डिटेक्टर बॅटरीवर धरू देऊ नका. आईच्या पर्समध्ये मूळ कार्ड असतं, बाबांच्या पाकिटात त्याची झेरॉक्स आणि माझ्या फोनमध्ये फोटो.

सकाळची वाट बघायची नाही

पाय अचानक लुळे पडणं, जांघेत किंवा बसायच्या जागी बधिरपणा, लघवी अडणं किंवा नकळत होणं, पाठीत वाढत जाणारी असह्य कळ. विशेषतः लीड घातल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत यातलं काहीही झालं तर आत रक्त साकळलेलं असू शकतं. तिथे तासांचा हिशोब असतो. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा, आणि शक्य असेल तर जिथे ऑपरेशन झालं तिथेच जा. ताप, जखमेतून पाणी किंवा पू, बॅटरीची जागा लाल आणि गरम होणं, यासाठी त्याच दिवशी दाखवा. घरातलं अँटिबायोटिक देऊन बघू नका. बसलं-उठलं की डोकं भयंकर दुखतं आणि आडवं झालं की थांबतं, असं असेल तर आवरणाला सुईचं बारीक छिद्र पडलेलं असू शकतं. त्यावर उपाय आहे, पण क्लिनिकला कळवावं लागतं.

निघताना रिमोट, चार्जर, कार्ड आणि चालू गोळ्यांची यादी एका पिशवीत घ्या. आमची ती पिशवी दाराच्या मागच्या खुंटीला टांगलेली असते.