पुराच्या गाळाचे नमुने घेताना या चुका टाळा

नाशिकची नासर्डी नदी सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींच्या परिसरातून येऊन टाकळीजवळ गोदावरीला मिळते आणि पुढे गोदावरी फुगली, की चांदोरी-सायखेड्याच्या शिवारात पाणी शिरते. २००८, २०१६ आणि २०१९ च्या मोठ्या पुरांनी या काठावर गाळ आणून टाकला. त्या गाळात कारखान्यांतून आलेले जड धातू आहेत का, हा शेतकऱ्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे. पण पुष्कळदा नमुना अशा रीतीने घेतला जातो, की अहवालातून ना प्रदूषणाचा उगम ठरतो, ना शेतकऱ्याची शंका फिटते. यातल्या बहुतेक चुका शेतातच होतात आणि प्रयोगशाळेत त्या दुरुस्त करता येत नाहीत.

माती परीक्षणाची पद्धत जशीच्या तशी वापरणे

खतांचा हिशेब काढण्यासाठी आपण शेतात नागमोडी चालत ठिकठिकाणी खड्डे घेतो, पंधरा-वीस सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती घमेल्यात एकत्र करतो आणि चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवतो. सरासरी हवी असते तेव्हा ही पद्धत उत्तम आहे. पुराच्या गाळाचा थर मात्र कित्येकदा दोन सेंटिमीटरच असतो, आणि तो वीस सेंटिमीटर मातीत मिसळला, की त्यातील धातूंची वाढ दहापट विरळ होऊन नजरेआड जाते. म्हणून ताजा गाळ वेगळा उचलावा आणि त्याखालची जुनी माती वेगळ्या पिशवीत घ्यावी. हा थर ओळखणे अवघड नाही: वाळताना त्याला भेगा पडून पापुद्रे वर वळतात, आणि एक पापुद्रा उचलला, की खाली आडवे झालेले गवत किंवा मागच्या पिकाची धसकटे दिसतात. ती जुन्या जमिनीची पातळी. वाफसा येऊन रोटाव्हेटर फिरला, की ही सीमारेषा कायमची पुसली जाते, त्यामुळे नमुना त्याआधीच घ्यायला हवा.

शेतमालकाला विचारल्याशिवाय जागा ठरवू नये, हे मी आग्रहाने सांगेन. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून अनेक शेतांत धरणांचा गाळ पडला आहे, आणि पुराचा गाळ समजून तोच तपासला गेला, तर सगळा खर्च पाण्यात जातो. तसेच नकाशावरच्या पूररेषांवरूनही जागा ठरवू नये. निळी पूररेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. पाणी कुठवर येईल हे त्या सांगतात, गाळ कुठे बसला हे नाही. शिवाय जुन्या पुरांचे थर खाली दबलेले असू शकतात, म्हणून दोन-तीन ठिकाणी तरी मीटरभर खोल जाऊन दर दहा सेंटिमीटरला वेगळा नमुना घ्यावा.

वाळूची तुलना चिकणमातीशी करणे

नदीकाठच्या उंचवट्यावर, म्हणजे पूरतटावर, जाड वाळू आधी पडते, आणि पाणी जिथे तुंबून संथ होते त्या सखल भागात बारीक पोयटा व चिकण गाळ बसतो. जड धातू प्रामुख्याने बारीक कणांना चिकटतात. प्रवाहाच्या वरच्या अंगाला वाळू आणि खालच्या अंगाला चिकणमाती घेतली, तर कारखाना नसतानाही खालचा आकडा मोठा येतो. यावर उपाय म्हणजे सगळे नमुने ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळून बारीक भागच तपासणे. चाळणी नायलॉनची असावी, कारण पितळी चाळणीतून तांबे आणि जस्त नमुन्यात उतरते.

‘स्वच्छ’ नमुना चुकीच्या जागी घेणे

माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक हीच. नाशिकची काळी जमीन बेसॉल्ट खडकापासून झालेली आहे आणि त्यात तांबे, निकेल, क्रोमियम, व्हॅनेडियम मुळातच जास्त असते. परदेशी मर्यादांचे तक्ते समोर ठेवून ‘मर्यादा ओलांडली’ असे लिहिले, तर कारखान्यापासून कोसभर लांबचे शेतही दोषी ठरू शकते. त्यात निफाडकडचा भाग द्राक्षांचा. तिथे फवारले जाणारे बुरशीनाशक, एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद (तांब्याचे क्षार) आणि एक किलो चुना. वर्षानुवर्षे अशा फवारण्या झालेल्या बागेत वरच्या थरातले तांबे वाढलेले असणारच. याखेरीज शहराच्या सांडपाण्यातूनही जस्त आणि तांबे नदीत येतात.

म्हणून तुलनेचा नमुना एकच घेऊन भागत नाही. एक गोदावरीच्या काठी नासर्डीच्या संगमाच्या वर, एक नासर्डीच्याच काठी औद्योगिक भागाच्या वर, आणि एक पूर कधीच न पोहोचलेल्या काळ्या रानात, अशी किमान तीन ठिकाणे असावीत. पहिल्या दोन ठिकाणी गाळ त्याच पुराचा असावा आणि द्राक्षबागेची तुलना द्राक्षबागेशीच व्हावी.

हत्यारे, डबे आणि पाणी

गंजलेले घमेले लोह देते, जस्ताचा मुलामा असलेली बादली जस्त देते, आणि स्टेनलेस स्टीलच्या गिरमिटातून (माती काढायच्या हत्यारातून) क्रोमियम व निकेल मिसळण्याची शक्यता असते. धातूंसाठी प्लॅस्टिकचे खुरपे वापरावे. गिरमिट वापरलेच, तर त्याला टेकलेली बाहेरची माती खरवडून टाकावी. कमी दूषित वाटणाऱ्या जागेपासून जास्त दूषित जागेकडे जावे. तेल किंवा द्रावकांची शंका असेल, तर माती ढवळू नये व एकत्रही करू नये. ती काचेच्या बरणीत काठोकाठ भरून लगेच बर्फात ठेवावी.

पुराचे गढूळ पाणी न गाळता त्यात नायट्रिक आम्ल घालणे आणि आलेल्या आकड्याला ‘विरघळलेले धातू’ म्हणणे ही चूक फार ठिकाणी दिसते. आम्ल गाळाला चिकटलेले धातू सोडवून पाण्यात आणते. विरघळलेले धातू हवे असतील, तर आधी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून पाणी जागेवरच गाळावे, मगच आम्ल घालावे. हेक्झाव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचे जास्त विषारी रूप) तपासायच्या बाटलीत मात्र हे आम्ल घालू नये. ती थंड ठेवून चोवीस तासांच्या आत तपासायला हवी.

निकाल जुळत नसतील तर

एकाच जागेच्या दोन नमुन्यांत ३५ ते ५० टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल, तर सरासरी काढून मोकळे होऊ नये. तिथे पुन्हा, जास्त बिंदूंवर नमुने घ्यावेत. धुतलेल्या हत्यारावरून ओतलेल्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये धातू सापडले, तर त्या दिवसाचे सगळे आकडे संशयित धरावेत. वरच्या अंगाचा आकडा खालच्यापेक्षा मोठा आला, तर आधी कणांचा आकार आणि बोर्डोचा इतिहास पाहावा. दोन प्रयोगशाळांचे आकडे वेगळे आले, तर दोन गोष्टी विचाराव्यात: आकडा वाळलेल्या मातीच्या वजनावर आहे की ओल्या, आणि माती अ‍ॅक्वा रेजियात (नायट्रिक व हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात) विरघळवली की हायड्रोफ्लोरिक आम्लाने पूर्ण विरघळवली. बेसॉल्टच्या मातीत दुसऱ्या पद्धतीने क्रोमियमचा आकडा बराच मोठा येतो, आणि दोन्ही अहवाल आपापल्या जागी बरोबर असू शकतात.