डिंग लिंग वाचायची तर कुठून सुरू करायचं

चिनी कादंबरीकार डिंग लिंग (जन्म १९०४, हुनान) हिचं आयुष्य सरळ क्रमाने वाचायला घेतलंत तर "कट्टर कम्युनिस्ट होती आणि पक्षानेच छळलं" एवढंच हाती लागतं, म्हणून तसं करू नका.

आधी १९२८ ची 'मिस सोफियाची डायरी' वाचा. पेकिंगमधली टीबी झालेली एकटी मुलगी, मनात पुरुषांबद्दल जे येतं ते न लाजता लिहून टाकते, क्रांती त्यात औषधालाही नाही.

मग थेट फेब्रुवारी १९३१ वर या आणि तिथे थांबा. तिचा जोडीदार, लेखक हू येपिन, याला कुओमिन्तांगने (तेव्हा सत्तेत असलेला, कम्युनिस्टांचा शत्रू पक्ष) शांघायमध्ये गोळ्या घातल्या, बाळ तेव्हा काही महिन्यांचं. पुढच्याच वर्षी ती कम्युनिस्ट पक्षात गेली. ही तारीख डोक्यात नसेल तर पुढचं काही नीट कळत नाही असं माझं ठाम मत आहे. १९३३ मध्ये तिलाही पळवून नेलं, नानजिंगमध्ये तीन वर्षं नजरकैद, तिथून निसटून माओच्या भागात. तिथलं येनान हे कम्युनिस्टांचं मुख्य ठाणं, म्हणजे आपले सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३९ मध्ये पोचले तेच गाव.

आता सगळ्यात सावकाश वाचायची गोष्ट, मार्च १९४२ चा महिला दिनाचा लेख, आणि तोही पक्षाच्याच पेपरात. लग्न केलं नाही तर लोक बोलतात, केलं आणि पोरं झाली की मागासलेली म्हणून टाकून देतात, हे तिने येनानमधल्या बायकांबद्दल लिहिलं. टीका झाली, तिने चूक कबूल केली. मे महिन्यात माओची येनानमधली प्रसिद्ध भाषणं झाली, साहित्य कामगार-शेतकरी-सैनिकांसाठीच हवं असं सांगणारी. यानंतरच जमीन सुधारणेवरची 'सांगगान नदीवर सूर्य' (१९४८, स्टालिन पारितोषिक) हातात घ्या. प्रचारकी म्हणून सोडू नका प्लीज, जमीनदाराची पुतणी हेइनी नीट बघा, लेखाची लेखिका तिथे भेटते.

१९५७ मध्ये पक्षाने तिला 'उजवी', म्हणजे पक्षविरोधी, ठरवलं, हेइलोंगजियांगच्या शेतावर पाठवलं, नंतर पाच वर्षं तुरुंग, १९७९ ला पुन्हा पक्षात, १९८६ ला गेली. तरी तिने पक्षाची साथ सोडली नाही हे लोकांना पटत नाही, तेव्हा १९३१ आठवा.

शेवटी 'डू वानश्यांग' वाचा. शिक्षा म्हणून जिथे पाठवलं त्याच उत्तरेच्या ओसाड भागातल्या एका राबणाऱ्या बाईची गोष्ट, आणि तिने ती मायेने लिहिलीय.