दीडशे विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रश्नाधारित तास कसा घ्यावा : अभियांत्रिकी आणि वैद्यकीय शिक्षकांसाठी

अभियांत्रिकीच्या किंवा एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात सव्वाशे-दीडशे विद्यार्थी असतात, तास पन्नास-साठ मिनिटांचा असतो आणि विद्यापीठाचा अभ्यासक्रम ठरलेल्या मुदतीत पुरा करावाच लागतो. नव्या अध्यापनपद्धतींची कार्यशाळा करून आलेला शिक्षक बहुधा याच तीन गोष्टींपाशी अडतो आणि काही दिवसांत पुन्हा पीपीटीकडे वळतो. अशा शिक्षकाने आहे त्याच सभागृहात, आहे त्याच वेळापत्रकात सुरुवात कशी करावी, हे येथे सांगितले आहे. अनेक पद्धतींपैकी मी ‘पीअर इन्स्ट्रक्शन’, म्हणजे विद्यार्थ्यांनी चर्चेतून एकमेकांना शिकवण्याची पद्धत, हीच मुख्यतः घेतली आहे, कारण मोठ्या वर्गात ती सर्वांत कमी साधनांत चालते.

हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१ साली ही पद्धत वापरण्यास सुरुवात केली. त्यांचे विद्यार्थी अवघड गणिते सोडवत, परीक्षेत उत्तम गुण मिळवत. मात्र बल आणि गती यांविषयीच्या साध्या, आकडेमोड नसलेल्या प्रश्नांत चुकत. तेव्हापासून त्यांनी तासाचे लहान भाग पाडले आणि प्रत्येक भागानंतर एक संकल्पनात्मक प्रश्न विचारून विद्यार्थ्यांना एकमेकांशी वाद घालायला लावला. आपल्याकडे आयआयटी मुंबईत प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या वर्षाच्या शेकडो विद्यार्थ्यांच्या वर्गात ‘आधी एकट्याने विचार, मग जोडीत चर्चा, मग वर्गासमोर मांडणी’ ही याच कुळातील पद्धत वापरली गेली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अभ्यासात सरासरी ८३ टक्के विद्यार्थी त्या कामात खरोखर गुंतलेले आढळले.

पहिले आणि सर्वांत कष्टाचे काम म्हणजे प्रश्न तयार करणे. जुन्या उत्तरपत्रिका आणि तोंडी परीक्षेतील उत्तरे आठवून, विद्यार्थी वर्षानुवर्षे कोणत्या ठिकाणी घसरतात ते लिहून काढावे, कारण चांगला प्रश्न तिथेच सापडतो. व्याख्या विचारणारा प्रश्न येथे निरुपयोगी असतो, कारण तिच्यावर चर्चा होऊ शकत नाही. सूत्रात आकडे घातले की उत्तर निघते, असा प्रश्नही टाळावा. चुकीचे पर्याय शिक्षकाने कल्पनेने रचू नयेत. विद्यार्थी प्रत्यक्षात ज्या चुका करतात त्याच पर्याय म्हणून द्याव्यात.

स्थापत्य किंवा यांत्रिकीच्या वर्गासाठी एक उदाहरण पाहू. दोन टोकांवर टेकवलेली एक फळी ठरावीक भाराखाली मध्यभागी ८ मिलिमीटर वाकते. तशीच दुसरी फळी तिच्यावर नुसती ठेवली तर तेवढ्याच भाराखाली ती जोडी किती वाकेल, आणि दोन्ही फळ्या पूर्ण लांबीभर पक्क्या चिकटवल्या तर किती वाकेल? फळ्यांचे वजन आणि त्यांच्यातील घर्षण सोडून द्यावे. पुष्कळ जणांना दोन्ही वेळी लाकूड तेवढेच असल्याने उत्तरही सारखेच वाटते. प्रत्यक्षात सुट्या फळ्या भार अर्धा-अर्धा वाटून घेतात आणि ४ मिलिमीटर वाकतात; चिकटवलेल्या फळ्या दुप्पट जाडीच्या एका तुळईसारख्या काम करतात आणि ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात, म्हणजे आठपट, वाढत असल्याने वाक केवळ १ मिलिमीटरवर येतो. सुट्या फळ्या एकमेकींवरून घसरतात, ते घसरणे चिकटवल्यामुळे थांबते, हे विद्यार्थ्याच्या तोंडून निघाले की कर्तन प्रतिबल (शिअर) म्हणजे काय हे त्याला समजले असे मानावे.

शरीरक्रियाशास्त्राच्या वर्गात पुढील प्रश्न विचारता येतो. अपघातात एका तरुणाचे सुमारे एक लिटर रक्त वाहून गेले, दहा मिनिटांत त्याच्या रक्ताचा नमुना घेतला आणि अद्याप त्याला सलाइन दिलेले नाही. अशा वेळी हिमोग्लोबिनची पातळी कशी असेल? ‘रक्त गेले म्हणजे हिमोग्लोबिन घटणारच’ हे उत्तर भराभर येते. मात्र रक्तद्रव (प्लाझ्मा) आणि तांबड्या पेशी एकाच प्रमाणात बाहेर गेलेल्या असल्याने पातळी जवळपास पूर्वीइतकीच दिसते. पुढील काही तासांत ऊतींमधील द्रव रक्तवाहिन्यांत येतो, मूत्रपिंडे मीठ-पाणी धरून ठेवतात, आणि मग ती घसरते. पहिल्या अहवालात हिमोग्लोबिन ठीक आले म्हणून रक्तस्राव किरकोळ आहे असे समजणे रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. पुढे कॅज्युअल्टीत उभ्या राहणाऱ्या मुलांनी हे पहिल्याच वर्षी स्वतःच्या तर्काने शोधलेले असावे, असे मला फार वाटते.

वर्गातील क्रम असा ठेवावा. आठ-दहा मिनिटे विषय मांडून झाल्यावर प्रश्न पडद्यावर दाखवावा आणि दीड-दोन मिनिटे पूर्ण शांतता राखावी. ही शांतता कोणत्याही कारणाने कमी करू नये, कारण स्वतःचे मत न बनवता चर्चेत उतरलेला विद्यार्थी शेजाऱ्याचे उत्तर उचलतो. मग सर्वांनी एकाच वेळी मत द्यावे. मोबाइलवरील मतदान सोपे असले तरी सभागृहात नेटवर्क नसेल तर अ, ब, क, ड अशी अक्षरे छापलेली कार्डे छातीशी धरायला सांगावीत. नुसते हात वर करायला सांगितले, तर पुढच्या बाकावरील हुशार मुलांकडे पाहून मागचे हात वर जातात.

बरोबर उत्तरे ३० टक्क्यांहून कमी असतील तर चर्चेचा उपयोग होत नाही. एखादा संकेत देऊन तो भाग पुन्हा समजावावा. ७० टक्क्यांहून अधिक असतील तर थोडक्यात स्पष्टीकरण देऊन पुढे जावे. या दोन मर्यादांमध्ये चर्चेला खरा अर्थ येतो. पहिल्या मतदानाचा निकाल मात्र दाखवू नये, कारण बहुमताचे उत्तर दिसले की वाद थांबतो. ज्याचे उत्तर वेगळे आहे असा शेजारी शोधून दोन-तीन मिनिटे त्याला पटवायला सांगावे, मग पुन्हा मतदान घ्यावे आणि शेवटी योग्य उत्तराबरोबर प्रत्येक चुकीचा पर्याय का चुकतो तेही सांगावे.

चर्चा कोणत्या भाषेत व्हावी, यावर शिक्षकाने आग्रह धरू नये. मराठी माध्यमातून आलेला मुलगा ‘शिअर’, ‘प्लाझ्मा’ हे शब्द इंग्रजीच ठेवून बाकी वाद मराठीत करील, तर तो अधिक नेमका बोलेल. या वेळी शिक्षकाने व्यासपीठावर थांबू नये. बाकांमधून फिरावे आणि ऐकावे. विद्यार्थ्यांचा तर्क नेमका कुठे वळण चुकतो, हे उत्तरपत्रिकेपेक्षा तेथे जास्त स्पष्ट कळते.

एका तासात असे दोन किंवा तीन प्रश्न पुरेत. त्यांना लागणारा वेळ कोठून काढायचा, हा प्रश्न रास्त आहे. व्याख्या, वर्गीकरणे आणि सरळ सिद्धता तासाआधी वाचायला द्याव्यात. पाठ्यपुस्तकाची आठ-दहा पाने किंवा एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन व्याख्यानांच्या संकेतस्थळावरील एखाद्या व्याख्यानाचा नेमका भाग, त्याहून अधिक नको. वाचले की नाही हे पाहण्यासाठी सुरुवातीला दोन सोपे प्रश्न विचारावेत आणि त्यांना अंतर्गत मूल्यमापनात थोडे गुण ठेवावेत. चर्चेच्या प्रश्नांना मात्र सहभागाचेच गुण द्यावेत. बरोबर उत्तराला गुण दिले की विद्यार्थी स्वतःचे मत लपवू लागतात.

विद्यार्थी सुरुवातीला नाराज होतील. हार्वर्डमधील २०१९ च्या एका प्रयोगात सक्रिय पद्धतीने शिकलेल्यांना चाचणीत अधिक गुण मिळाले, परंतु आपण कमी शिकलो असे त्यांनाच वाटत होते, कारण ओघवते व्याख्यान ऐकताना सगळे समजल्यासारखे वाटते. हा निष्कर्ष पहिल्याच आठवड्यात वर्गाला सांगून टाकावा. विभागप्रमुखांना पटवायचे असेल तर २०१४ साली प्रसिद्ध झालेले २२५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण दाखवावे : विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पारंपरिक व्याख्यानवर्गांत सरासरी ३४ टक्के, तर सक्रिय वर्गांत २२ टक्के विद्यार्थी अनुत्तीर्ण झाले होते. एमबीबीएससाठी तर २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधारित अभ्यासक्रमाच्या नियमांतच व्याख्याने एकूण वेळापत्रकाच्या एक-तृतीयांशाहून अधिक नसावीत, असे म्हटले आहे.

ही पद्धत सर्व काही शिकवत नाही. पोट तपासणे किंवा लेथवर काम करणे हातानेच शिकावे लागते. रुग्णाजवळ विद्यार्थ्याला दहा-पंधरा मिनिटे स्वतः तपासू द्यावे, मध्ये बोलू नये आणि लगेच बाजूला घेऊन एक चांगली व एक सुधारायची गोष्ट सांगावी. परीक्षेसाठी रोनाल्ड हार्डेन यांनी १९७५ मध्ये डंडी येथे मांडलेली टप्प्याटप्प्यांची वस्तुनिष्ठ पद्धत (ओएससीई), म्हणजे विद्यार्थ्याने एकामागून एक टप्प्यांवर ठरावीक काम करून दाखवायचे, योग्य आहे.

समस्याधारित अध्ययनाचे, म्हणजे आधी एखादी प्रत्यक्ष समस्या घेऊन तिच्यातून विषय शिकण्याचे, आकर्षण पुष्कळांना असते. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात १९६९ मध्ये ते वैद्यकीय शिक्षणात रुजले. तेथे लहान गटासाठी एक मार्गदर्शक असतो. दीडशे विद्यार्थ्यांसाठी पंधरा-वीस शिक्षक एकाच वेळी मोकळे मिळणार नसतील, तर त्याची सुरुवातच करू नये. त्याऐवजी अमेरिकी प्राध्यापक लॅरी मायकलसन यांची संघाधारित पद्धत घ्यावी : पाच ते सात जणांचे, सत्रभर न बदलणारे आणि शिक्षकाने ठरवलेले संघ, आधी वैयक्तिक चाचणी, मग तीच चाचणी संघाने एकमताने, आणि त्यानंतर सर्व संघांना एकच प्रत्यक्ष उपयोजनाचा प्रश्न. एक शिक्षक एका सभागृहात हे सांभाळू शकतो.

पहिल्या सत्रात आठवड्याला एकच प्रश्न घ्यावा. दोन्ही मतदानांचे आकडे प्रश्नासोबत वहीत लिहून ठेवावेत; चर्चेनंतरही बरोबर उत्तरे वाढली नाहीत तर प्रश्नाचे शब्द किंवा पर्याय बदलावेत. अंतर्गत परीक्षेत तीच संकल्पना वेगळ्या परिस्थितीत विचारावी, म्हणजे फळ्यांऐवजी प्लायवूड आणि अपघाताऐवजी प्रसूतीनंतरचा रक्तस्राव, आणि कारण दोन ओळींत लिहायला सांगावे. त्याच विषयाच्या दुसऱ्या तुकडीच्या शिक्षकाला ती वही द्यावी आणि पुढच्या वर्षीचे प्रश्न दोघांनी मिळून लिहावेत.