पद्मिनीच्या इंजिनातील व्हॉल्व्ह घासताना

प्रीमियर पद्मिनी मोटारीच्या 1089 सीसी इंजिनात आठ व्हॉल्व्ह, म्हणजे पेट्रोल-हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा असतात. हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवल्यावर स्प्रिंग दाबून तिला व्हॉल्व्हवर धरून ठेवणारे लॉक काढावेत आणि प्रत्येक व्हॉल्व्ह पुठ्ठ्याला भोके पाडून क्रमाने खोचून ठेवावा, कारण तो ज्या सीटवर (हेडमधल्या टेकण्याच्या कड्यावर) झिजला आहे तिथेच परत बसला पाहिजे. काजळी रॉकेलमध्ये भिजवून तारेच्या ब्रशने काढावी, मात्र ब्रश दांड्याला आणि घासलेल्या कडेला लावू नये. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळून कडेला खाच पडली असेल, किंवा दांडा वाकला असेल, तर तो घासण्यात वेळ न दवडता बदलावा.

उरलेल्यांच्या कडेला ग्राइंडिंग पेस्टचे बारीक ठिपके लावून, रबरी कपाच्या काठीने व्हॉल्व्ह मागे-पुढे अर्धा फिरवावा आणि मधूनमधून उचलून जागा बदलावी. आधी जाड, मग बारीक पेस्ट वापरावी. सीटवर सलग, अखंड राखाडी पट्टा दिसला की थांबावे. जास्त घासल्यास सीट खोल जाते. पेस्टचा कणही उरू नये, म्हणून सर्व भाग रॉकेलने धुवावेत. शेवटी व्हॉल्व्ह बसवून हेड उलटे ठेवावे, चेंबरमध्ये (हेडच्या खोलगट भागात) रॉकेल ओतावे आणि पोर्टमधून (व्हॉल्व्हमागच्या हवा-धुराच्या मार्गातून) पाझर दिसल्यास तोच व्हॉल्व्ह पुन्हा घासावा. जोडताना हेड गॅस्केट (हेडखालची सील करणारी पट्टी) नवीनच घालावे आणि टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागांतली फट, नव्याने सेट करावेत.